लेबलवर दर दिसतो, भागाकार दिसत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कपडे धुण्याचा साबण घ्यायला सुपरमार्केटमध्ये गेलात. एका पावडरीखाली दर किलोला लिहिला होता, शेजारच्या लिक्विडखाली दर १०० मिलीला, तिसऱ्या डब्याखाली 'प्रति वॉश'. तुलना जमेना म्हणून पिवळ्या पट्टीचा 'फॅमिली पॅक' उचललात. घरी हिशेब केल्यावर लक्षात आलं की त्याच साबणाची दोन लहान पाकिटं घेतली असती तर कमी पैसे गेले असते. आता तुम्ही विचारताय, हे मुद्दाम फसवतात का? आणि दर खेपेला कॅल्क्युलेटर घेऊन उभं राहायचं का?

मुद्दाम फसवण्याचे प्रकार माझ्या पाहण्यात कमीच आले. पण मुद्दाम नसलं तरी तुमचे गेलेले पैसे काही परत येत नाहीत, म्हणून तो प्रश्न मी बाजूला ठेवणार आहे. कॅल्क्युलेटरचं म्हणाल तर दर वेळी नको. कुठल्या लेबलापाशी थांबायचं एवढं कळलं तरी पुष्कळ काम होतं. शेल्फवरची लेबलं ज्या माहितीतून छापली जातात ती माहिती भरणं आणि तपासणं, हे काम मी सतरा वर्षं केलं. गेली काही वर्षं ग्राहकांच्या तक्रारींमधली लेबलं तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आपल्याकडे किंमत आणि दर हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा इथे फार उपयोग होतो. किंमत पाकिटाची, दर किलोचा किंवा लिटरचा. शेल्फच्या लेबलवर मोठ्या अक्षरात किंमत असते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात दर. हा दर म्हणजे साधा भागाकार: वर पैसे, खाली प्रमाण. लेबलवर छापतात फक्त उत्तर. वर कोणती किंमत घेतली आणि खाली कोणतं वजन घेतलं, हे कुठेच दिसत नाही. त्यामुळे तुमची अडचण गणित न जमण्याची नाहीच. तीन लेबलांवर तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं छापली होती आणि ती शेजारी शेजारी लावली होती.

सगळ्यात उघड गोंधळ एककांचा. एकीकडे '६.९० प्रति १०० ग्रॅम' आणि दुसरीकडे '६४ प्रति किलो' असं दिसलं की डोळा ६.९० कडे जातो, कारण आकडा लहान आहे. प्रत्यक्षात तो किलोला ६९ पडतो. (आकडे कोणत्याही चलनाचे धरा, हिशेब तोच.) घाईत, हातात टोपली, मागे गर्दी अशा वेळी भल्याभल्यांचं हे होतं. युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशाने दुकानांना विक्रीच्या किमतीबरोबर दरही दाखवायला लावला, तो किलो, लिटर, मीटर यांसारख्या एककात, आणि तो निःसंदिग्ध, सहज ओळखू येणारा, वाचता येणारा हवा असं स्पष्ट म्हटलं. ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २००९ पासून मोठ्या किराणा दुकानांना तो बंधनकारक झाला. २०१८ साली या एका विषयावर आयएसओ २१०४१ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आलं. एवढं असूनही ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०२३ मध्ये सुपरमार्केटं तपासली, तेव्हा एकाच प्रकारच्या मालाला वेगवेगळी एककं, ऑफरच्या मालावर दरच नाही, अक्षरं वाचता येत नाहीत, अशाच गोष्टी सापडल्या. म्हणजे कायदा असणं आणि लेबल उपयोगी असणं यात बरंच अंतर राहतं.

कधी कधी तर नियमातच ही फट असते. भारताच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांचं उदाहरण घ्या. तिथे दर शेल्फवर न लिहिता पाकिटावरच छापायचा असतो. वजन किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला, जास्त असेल तर किलोला, आणि आकडा दोन दशांशांपर्यंत. हेतू चांगला आहे. पण हिशेब करून बघा. ९०० ग्रॅमचं पाकीट २१२ ला आणि ८५० ग्रॅमचं २०७ ला आहे. पहिल्याचा दर ग्रॅमला ०.२३५ च्या जरा वर, दुसऱ्याचा ०.२४३ च्या जरा वर. दोन दशांशांत दोन्ही पाकिटांवर ०.२४ छापलं जाणार. किलोत पाहिलं तर एक सुमारे २३५.५ आणि दुसरं सुमारे २४३.५, म्हणजे किलोमागे ८ चा फरक. तो फरक छापील दरात नाहीसा झाला. कोणी खोटं लिहिलेलं नाही, नियम तंतोतंत पाळलाय, आणि तरीही ग्राहकाला वाटतं दोन्ही सारखेच. एकक जितकं लहान, तितकी पूर्णांकन करताना माहिती जास्त गळते. म्हणून ग्रॅमचा किंवा मिलीचा दर दिसला आणि दोन आकडे सारखे वाटले, तर त्यावर विसंबू नका. तिथे पाकिटाच्या किमतीवरून स्वतः हिशेब करा.

आता भागाकाराचा खालचा आकडा, म्हणजे प्रमाण. खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डबाबंद मालात दोन वजनं असतात: द्रवासकट निव्वळ वजन आणि पाणी निथळून उरलेलं वजन. वाटाणे, मका, मशरूम, मासे असा कोणताही डबा घ्या. तुम्ही खाणार निथळलेलं वजन, पाणी सिंकमध्ये जाणार. एका डब्याचा दर निव्वळ वजनावर काढला आणि शेजारच्याचा निथळलेल्यावर, तर पहिला उगाचच स्वस्त दिसतो. युरोपीय निर्देशात यावर तोडगा आहे: जिथे दोन्ही वजनं लिहिणं सक्तीचं आहे तिथे दर निथळलेल्या वजनावर दाखवला तरी पुरतो. पण माहिती भरणाऱ्यासमोर दोन रकाने असतात, आणि चुकीचा रकाना उचलला गेला तर लेबलकडे बघून ते ओळखता येत नाही. डबा हातात घेऊन मागची बारीक ओळ वाचावीच लागते. गोठवलेल्या कोळंबीचंही तसंच. तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, त्याला ग्लेझ म्हणतात. युरोपात निव्वळ वजनातून हा थर वगळावा लागतो. जिथे ते कटाक्षाने पाहिलं जात नाही, तिथे तुम्ही कोळंबीच्या भावाने पाणी विकत घेता.

आइस्क्रीम हे मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी देत असलेलं उदाहरण. ते बरेचदा लिटरने विकतात आणि दरही लिटरला लिहितात. पण आइस्क्रीम बनवताना त्यात हवा फेटलेली असते. अमेरिकेच्या नियमानुसार एका गॅलनचं वजन किमान साडेचार पौंड भरलं पाहिजे, म्हणजे लिटरला साधारण ५४० ग्रॅम. ही झाली किमान मर्यादा. कमी हवेचं, घट्ट आइस्क्रीम लिटरला ८०० ग्रॅमच्या आसपास किंवा वरही भरू शकतं. दोन डबे हातात धरून बघा, फरक मनगटाला कळतो. लिटरच्या दरात हलका डबा स्वस्त दिसेल, वजनाच्या दरात कदाचित महाग निघेल. डब्यावर वजनही लिहिलं असेल तर वजनाने तुलना करा.

तेलाची गफलत याच जातीची. खाद्यतेलाचं एक लिटर साधारण ९२० ग्रॅम भरतं. एका पिशवीवर लिटरचा दर आणि दुसरीवर किलोचा, असं असताना आकडे सारखे दिसले तर किलोवाली पिशवी सुमारे ८ टक्क्यांनी स्वस्त आहे, कारण तिच्यात तेवढ्याच पैशात तेल जास्त आहे. 'लिटर आणि किलो एकच' ही सवय पाण्यापुरती ठीक, तेलाला लावली की तोटा.

आणि मग तुमचा 'प्रति वॉश'. या एककाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. दाट लिक्विड आणि पातळ लिक्विड यांची लिटरवर तुलना करणं अन्यायाचं आहे. एकाचं अर्धं झाकण पुरतं, दुसऱ्याची दोन झाकणं लागतात. धुण्यामागे किती पैसे पडतात हाच खरा प्रश्न आहे. फक्त ते 'धुणं' कोणी ठरवलं? युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमात याची व्याख्या आहे: मध्यम कठीण पाणी, साधारण मळलेले कपडे आणि मशीनमध्ये साडेचार किलो कोरडे कपडे. नाजूक कपड्यांच्या डिटर्जंटसाठी अडीच किलो. अशी व्याख्या जिथे लागू आहे तिथे दोन उत्पादनांचे 'प्रति वॉश' दर शेजारी ठेवता येतात. जिथे नाही, तिथे उत्पादकाने 'एका धुण्याला एवढं टाका' असं जे मनाने लिहिलं त्यावर सगळं अवलंबून. त्याने मात्रा कमी लिहिली की धुणी वाढतात आणि दर खाली येतो. डबा मात्र तेवढाच. शिवाय तुमच्या नळाचं पाणी किती कठीण आहे यावर खरी मात्रा ठरते, ती लेबलला कशी माहीत असणार? म्हणून घरी एकदा मोजून बघा. नवा डबा उघडताना तारीख लिहा आणि संपेपर्यंत किती वेळा मशीन लावलं त्याच्या रेघा ओढा. असं दोन डब्यांचं केलंत की तुमच्या घराचा स्वतःचा 'प्रति वॉश' दर हाती येतो. त्यापुढे दुकानाचा आकडा फिका.

टिश्यू आणि टॉयलेट पेपरला कधी रोलचा दर, कधी शंभर शीटचा. शीट लहान केली की रोलचा दर तसाच राहतो. लांबी-रुंदी छापलेली असेल तर क्षेत्रफळ काढा, नसेल तर शीटवर जा. यात याहून जास्त काही नाही.

आता वरचा आकडा, किंमत. इथे प्रश्न एकच: कोणती किंमत? रोजची, ऑफरची, सभासद-कार्डाची, की 'दोनवर एक मोफत' धरून पडणारी? पिवळ्या पट्टीवर ऑफरची किंमत ठळक छापली असली तरी कोपऱ्यातला दर पुष्कळदा रोजच्याच किमतीवरून काढलेला असतो. कधी उलट होतं: दर सभासदांच्या किमतीचा, आणि तुमच्याकडे कार्डच नाही. 'दोनवर एक मोफत' मध्ये दर एका पाकिटाच्या पूर्ण किमतीवर राहतो. खरा दर त्याच्या दोन तृतीयांश, पण तोही तीन पाकिटं खरोखर लागणार असतील तरच. 'वीस टक्के जास्त' लिहिलेल्या पाकिटांत नेमकी उलटी चूक सापडते: पाकिटात माल वाढलेला असतो आणि दर जुन्या वजनावर निघालेला असतो, म्हणजे चांगला सौदा लेबलवर महाग दिसतो. आणि जिथे दर पाकिटावर छापलेला असतो, तिथे तो छापील कमाल किमतीवरून काढलेला असतो. दुकानदाराने त्याहून कमी लावलं तर छापील दराचा तुमच्या बिलाशी संबंध उरत नाही.

थोडक्यात, लेबलपाशी थांबलात तर तीन गोष्टी बघा. दोन्हीकडे एकक एकच आहे का, खाली कोणतं वजन आहे, वर कोणती किंमत आहे. यांतलं एक जरी वेगळं असलं तरी ते दोन दर एकमेकांशी लावू नका.

आता 'मुद्दाम करतात का' याबद्दल आतली गोष्ट सांगतो. मी ज्या साखळीत होतो तिथे एका बिस्किटाच्या पाकिटाचं वजन कंपनीने ५०० ग्रॅमवरून ४५० वर आणलं. छापील वजन बदललं की बारकोडचा क्रमांकही बदलायचा, असा जीएस१ या बारकोड संस्थेचा नियम आहे, आणि कंपनीने तो पाळला. नवा क्रमांक म्हणजे आमच्याकडे नवी नोंद. नवी नोंद शून्यातून कोणी भरत नाही. जुनी उघडायची, 'कॉपी' दाबायचं, बदललेले रकाने दुरुस्त करायचे. नाव बदललं, क्रमांक बदलला, किंमत तीच होती म्हणून तशीच राहिली, आणि वजनाच्या रकान्यात ५०० राहून गेलं. बिल बरोबर येत होतं, त्यामुळे काउंटरवर कोणाला काही खटकायचं कारण नव्हतं. शेल्फवर मात्र दर खऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी दिसत होता. खरा दर अकरा टक्क्यांनी वाढलेला, लेबलवर तो जसाच्या तसा. ही चूक आमच्या कोणत्याही तपासणीत सापडली नाही. एका बाईंनी पाकीट आणि लेबल शेजारी धरून फोटो काढला आणि ग्राहक-खिडकीवर दाखवला, तेव्हा ती कळली. मग आम्ही त्या आठवड्यातल्या सगळ्या कॉपी केलेल्या नोंदी काढून बघितल्या. ती एकटी नव्हती.

हे लिहिण्यात माझा हेतू दुकानांची बाजू घेण्याचा नाही. किंमत चुकली तर बिलावर भांडण होतं, म्हणून किमतीचा रकाना दोनदा तपासला जातो. वजन चुकलं तर कोणी भांडायला येत नाही, म्हणून तो रकाना कोणी तपासत नाही. चुका जिथे चालून जातात तिथे त्या साचत राहतात आणि त्यांचा भार ग्राहकावर पडतो. मला हे आजही लागतं, कारण हा आकडा छापायचा तो फक्त ग्राहकासाठी असतो. दुकानाच्या दुसऱ्या कशासाठी तो लागत नाही.

फॅमिली पॅककडे येऊ. 'मोठं घेतलं की स्वस्त पडतं' हे आपण इतकं गृहीत धरतो की मोठ्या पाकिटाचा दर वाचतच नाही. आणि नेमकं लहान पाकीट जास्त खपतं, त्याच्यावरच स्पर्धा चालते, ऑफरही त्याच्यावरच लागते. त्यामुळे मधल्या किंवा लहान पाकिटाचा दर मोठ्यापेक्षा खाली जाणं यात नवल काहीच नाही. कॅल्क्युलेटरशिवाय ओळखायची माझी पद्धत अशी: भागाकार करायचाच नाही, पट बघायची. समजा ४०० ग्रॅम ९२ ला आणि ६५० ग्रॅम १५६ ला आहे. वजन किती वाढलं? ४०० वर २५०, म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त, साधारण १.६ पट. किंमत किती वाढली? ९२ वर ६४, म्हणजे १.७ पट. किंमत वजनापेक्षा जास्त वेगाने वाढली, म्हणून मोठं पाकीट महाग. अगदी जवळजवळचे आकडे असतील तर हे चालणार नाही, पण इतका जवळचा फरक असेल तर कोणतंही घ्या.

मोठ्या पाकिटाचा दर खरोखर कमी असला तरी अजून एक भागाकार बाकी असतो आणि तो तुमच्या घरचा आहे. मोठं पाकीट दराने १५ टक्के स्वस्त आहे, पण त्यातला पाचवा हिस्सा खराब होऊन टाकावा लागला, तर वापरलेल्या मालाचा दर लहान पाकिटापेक्षा सहा टक्क्यांनी जास्त पडतो. साबण खराब होत नाही, तिथे हा प्रश्न नाही. (मात्र मोठ्या डब्यातून आपला हात सैल पडतो, हे मी स्वतःच्या घरी पाहिलंय. वरच्या रेघा त्यासाठीही कामाच्या.) ब्रेड, दही, कापलेली फळं, उघडल्यावर सादळणारा माल, इथे घरात माणसं किती आणि फ्रीजमध्ये जागा किती यावर उत्तर बदलतं. एकट्या माणसाने महाग दराचं लहान पाकीट घेतलं तर ते चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

कॅल्क्युलेटरबद्दल. अमेरिकेत जे. एडवर्ड रुसो यांचा १९७७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात असं दिसलं की प्रत्येक वस्तूखाली सुटा दर लावण्यापेक्षा सगळ्या ब्रँडांचे दर एकाच यादीत, क्रमाने लावले की लोक स्वस्त पर्यायाकडे जास्त वळतात. कारण साधं आहे. सुटे दर डोक्यात धरून रांगेत पुढे-मागे जायला कोणाला वेळ नसतो. दुकान अशी यादी लावणार नाही, तर ती आपण करायची. घरी नेहमी लागणाऱ्या दहा-बारा वस्तूंचा दर, किंमत नव्हे, मोबाइलमध्ये लिहून ठेवा, सगळे किलोत किंवा लिटरमध्ये. पुढच्या खेपेला त्या यादीशीच तुलना करायची. दहा-बाराच का? कारण महिन्याच्या खर्चातला मोठा वाटा तेवढ्याच वस्तू खातात. मसाल्याच्या एका डबीसाठी पाच मिनिटं घालवणं मी तरी करत नाही.

या यादीचा दुसरा फायदा पाकीट बारीक होतं तेव्हा कळतो. किंमत तीच ठेवून वजन घटवलं की किमतीच्या आठवणीला काहीच कळत नाही, दराच्या यादीला लगेच कळतं. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना अशा घटलेल्या मालाजवळ दोन महिने तशी सूचना लावावी लागते. तसा नियम नसेल तिथे तुमची यादी हीच सूचना.

ऑनलाइन खरेदी करत असाल तर एक सावधगिरी. 'दरानुसार लावा' असं बटण बऱ्याच ठिकाणी असतं आणि ते मोहात पाडतं. पण काही वस्तूंचा दर १०० ग्रॅमला आणि काहींचा किलोला भरलेला असेल, आणि यंत्रणा नुसता आकडा बघून क्रम लावत असेल, तर १०० ग्रॅमवाले सगळे वर येतात, स्वस्त असोत वा नसोत. ओळखायची खूण: यादीत वरून खाली येताना एकक एकदम बदललं आणि आकडे एकदम मोठे झाले, की तो क्रम निरुपयोगी. तिथे एकाच एककातल्या वस्तूंपुरताच तो वापरा.

आता तक्रार. तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच मांडा. तीन वस्तूंना तीन एककं, ही तक्रार तुमच्याकडचा नियम काय म्हणतो यावर अवलंबून आहे. काही ठिकाणी एककं ठरवून दिलेली आहेत, काही ठिकाणी दर दाखवणंच ऐच्छिक आहे. तरी लेखी कळवा, कारण एकक बदलणं हे दुकानाच्या माहितीतलं एका रकान्याचं काम आहे, आणि लेखी कागद आल्याशिवाय ते कोणी हाती घेत नाही. फॅमिली पॅक महाग असणं ही मात्र तक्रार होत नाही, जोवर त्याच्या लेबलवरचा दर बरोबर आहे. तो बरोबर होता का, हे आधी तपासा. पाकिटावरच्या वजनाने किमतीला भागा आणि लेबलवरच्या दराशी ताडून बघा. जुळत नसेल, किंवा पट्टीवर 'बचत', 'जास्त किफायतशीर' असं काही लिहिलं असूनही लहान पाकिटापेक्षा दर जास्त असेल, तर तुमची बाजू पक्की आहे.

पुरावा असा घ्या: एकाच फोटोत शेल्फचं लेबल आणि पाकिटावरचं वजन, दोन्ही वाचता येतील इतक्या जवळून. दुसरा फोटो जरा लांबून, ज्यात शेजारचं लहान पाकीट आणि त्याचं लेबलही दिसेल. बिल जपून ठेवा, तारीख आणि प्रत्यक्ष घेतलेली किंमत त्यावरच असते. आधी दुकानाच्या ग्राहक-खिडकीवर द्या आणि पोच घ्या. 'तुम्ही फसवलंत' असं न लिहिता 'या लेबलवरच्या वजनाच्या नोंदीत चूक दिसते, तपासून दुरुस्त करा' असं लिहा. मी खिडकीच्या पलीकडे बसलोय म्हणून सांगतो, पहिल्या वाक्यावर वाद सुरू होतो आणि दुसरं वाक्य थेट माहिती-विभागाकडे जातं. आठवड्याभराने परत जाऊन त्याच शेल्फचा फोटो काढा. लेबल तसंच असेल तर दोन्ही फोटो आणि पोच जोडून वजन-मापं किंवा ग्राहक-संरक्षण पाहणाऱ्या खात्याकडे पाठवा. दोन तारखांचे फोटो असले की 'नजरचूक होती' हे उत्तर टिकत नाही.

आणि तो फॅमिली पॅक घरी आहेच, तर आजपासून रेघा ओढायला सुरुवात करा. तो संपला की किती धुणी झाली ते इथे लिहा, सोबत पाण्याचा प्रकार आणि डब्यावर लिहिलेली मात्राही लिहा. मग त्या 'प्रति वॉश' वाल्या डब्याशी तुलना करून बघू.